हाताने क्लीनर आणि सीलंट लावायचं, तर पॅड कुठला घ्यायचा?

गाडीचा रंग चमकवायचा म्हटलं की लोक बाटलीवर तासन्‌तास बोलतात. कुठलं क्लीनर, कुठलं सीलंट, किती महिने टिकतं. आणि ते लावायचं कशाने? तर बाटलीसोबत फुकट आलेल्या स्पंजाने, नाहीतर घरातल्या जुन्या बनियनने. माझी नोकरी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात, तपासणी खात्यात झाली. दिवसभर हाताखालून कापड जायचं. त्यामुळे असेल, माझी नजर आधी त्या स्पंजावर जाते. रंगाला शेवटी टेकतो तो पॅडच.

माझी गाडी गडद लाल, भाच्याची काळी, आणि शेजारच्या काकांची जुनी पांढरी व्हॅन. तिघींना एकच पॅड चालत नाही, आणि एकाच गाडीवर दोन्ही कामांनाही एक पॅड चालत नाही. खाली जे सांगतेय ते सगळं हाताने लावण्याबद्दल. मशीनचे पॅड वेगळे, त्यांचं गणित वेगळं.

क्लीनर आणि सीलंट ही दोन उलट कामं आहेत. क्लीनर रंगावर चिकटलेलं काढतं: जुन्या मेणाचा थर, डांबराचा पुसट डाग, बोअरच्या पाण्याचे वरवरचे क्षार, आमच्याकडे गाळप हंगामात साखर कारखान्यांच्या धुरांड्यांतून येऊन बसणारी चिपाडाची राख. काढायचं तर पकड लागते, थोडं घर्षण लागतं. सीलंट मात्र रंगाचं रक्षण करणारा पॉलिमरचा पातळ थर. तो सगळीकडे सारखा पसरला की झालं, तिथे रगडण्याचं काहीच काम नाही. पकड असलेला पॅड सीलंटला वापरलात तर तो अर्धं सीलंट स्वतः पितो आणि उरलेलं पट्ट्यापट्ट्यांनी लावतो. गुळगुळीत पॅड क्लीनरला वापरलात तर तो डागावरून नुसता घसरत राहतो, मग आपण जोर वाढवतो, आणि ओरखडे तिथेच पडतात.

जोर का वाढवायचा नाही? हल्लीच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या निम्मी. घासाल तेवढा त्यातलाच जातो.

पॅड घ्यायच्या आधी बाटली वाचा. क्लीनर दोन जातींचे मिळतात. एकात नुसती रसायनं असतात, ती मळ सैल करतात. दुसऱ्यात बारीक घासकणही असतात. बोटांत चोळून हा फरक कळेल अशी आशा ठेवू नका, आताचे कण इतके बारीक असतात की चिमटीत काहीच लागत नाही. लेबलवर बारीक ओरखडे काढतो किंवा ऑक्सिडेशन काढतो असं लिहिलं असेल, तर घासकण आहेत असं धरून चाला. मग पॅड मऊ घ्या, कारण घासण्याचं काम बाटलीतच आहे. घासकण नसलेल्या क्लीनरला थोडी पकड पॅडने द्यावी लागते. लेबल फक्त मशीनने वापरा असं सांगत असेल, तर ती बाटली हाताच्या कामाला घेऊच नका.

क्लीनरचा पॅड

इथे खरी निवड तिघांत असते.

पहिला मायक्रोफायबरचा पॅड. आत फोमची गादी, वर बारीक लूपचं कापड. मायक्रोफायबर म्हणजे एक डेनियरपेक्षाही बारीक तंतू, म्हणजे ९,००० मीटर लांबीचं वजन एक ग्रॅमपेक्षा कमी. कापसाचा तंतूसुद्धा त्याहून जाड भरतो. चांगल्या मायक्रोफायबरमध्ये पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड एकत्र काढून मग तंतू चिरलेला असतो. त्या चिरलेल्या कडा मळ धरतात. कापड खरखरीत तळहातावरून फिरवलं की तंतू त्वचेत अडकल्यासारखं वाटतं, ते यामुळेच. माझ्या लाल गाडीवर घासकण नसलेल्या क्लीनरला मी हाच वापरते. लूप आखूड आणि दाट हवेत. लांब, मोकळ्या लूपचा गुबगुबीत पॅड दुकानात फार छान दिसतो, पण दाबला की लूप आडवे पडतात आणि पकड संपते.

दुसरा मध्यम कडक फोम. पकड मायक्रोफायबरपेक्षा कमी, पण रंगाला सौम्य. काळा रंग बारीकशी रेषही लपवत नाही, म्हणून भाच्याच्या काळ्या गाडीला मी फोमच देते. डाग राहिला तर दुसरा हात मारावा, पण काळ्या रंगावर लूपचा पॅड घेऊन जोर लावू नये. काही कंपन्यांच्या रंगांचा क्लिअर कोट मुळातच मऊ असतो, तिथेही हाच नियम. मऊ की कडक हे गाडीकडे बघून कळत नाही, कोपऱ्यात चाचणी घेऊनच कळतं. ती चाचणी खाली सांगते.

तिसरा सुती टेरीचा पॅड. सोलापूरची म्हणून माझ्याकडून टेरीची भलामण अपेक्षित असते. अंगाला आमचा टॉवेल लावा, त्यासारखं दुसरं नाही. क्लिअर कोटला लावू नका. टेरीचा लूप पीळ दिलेल्या सुताचा असतो आणि त्या पिळाचा कडकपणा चकचकीत रंगावर धूसर रेषा सोडतो. वर नव्या मालात खळ आणि सॉफ्टनर असतं. दोन-तीनदा धुतल्याशिवाय ते पुरतं जात नाही, आणि तोपर्यंत तो पॅड नीट शोषत नाही.

टेरीचं खरं काम शेजारच्या काकांच्या व्हॅनवर आहे. जुना, क्लिअर कोट नसलेला पांढरा रंग, वरून खडूसारखा पांढरा भुगा सुटणारा. तिथे वरचा मेलेला थर काढायचाच असतो, आणि टेरी ते फटाफट करते. पॅडला पांढरा रंग लागला म्हणून काका घाबरले होते. क्लिअर कोट नसलेल्या गाडीत रंगच पॅडवर येतो, त्यात नवल नाही. मात्र तुमच्या गाडीला क्लिअर कोट आहे आणि तरी पॅडवर गाडीचा रंग यायला लागला, तर तिथेच थांबा. त्या जागी कोट संपलाय किंवा कुणीतरी आधी पॅनेल साध्या रंगाने मारून ठेवलंय.

घरातल्या वस्तूंचं एकदाच सांगून टाकते. बनियन मऊ असतं, पण त्याची शिवण पॉलिएस्टर धाग्याची. धोतराचं जुनं कापड त्याहून मऊ, पण त्याची वीण सपाट. धुळीच्या कणाला आत शिरायला जागाच नाही, मग तो कण कापड आणि रंग यांच्यामध्ये फिरत राहतो. लूप किंवा फोमची भोकं असावीत ती यासाठी, कण त्यात बुडून जातो. भांडी घासायचा स्पंज हिरव्या बाजूसकट नको आणि ती बाजू फाडूनही नको. पेट्रोल पंपाबाहेर मिळणारा पिवळा फडका चाकांसाठी ठेवा.

दुकानात हाताने काय तपासायचं

आमच्या खात्यात कापड आधी कडेला बघत, मग मध्ये. पॅडचंही तसंच करा. कड दुमडून जाड धाग्याने शिवलेली असेल, तर तो धागा गालावर फिरवून बघा. हाताची त्वचा राठ झालेली असते, गाल खोटं बोलत नाही. टोचला तर पॅड परत ठेवा. शिवण मागच्या बाजूला वळवलेली असेल तर हरकत नाही. मागे कंपनीचं लेबल शिवलेलं असेल तर घरी येऊन उसवून टाका, ते कधी ना कधी रंगाला लागतंच.

मग पॅड दोन बोटांत मधोमध दाबा. बोटं एकमेकांना सहज भेटली, तर आतला फोम हलका आहे. अशा पॅडवर तळहाताचा दाब पसरत नाही, चार बोटांच्या चार पट्ट्या उमटतात. काळ्या बॉनेटवर त्या पट्ट्या उन्हात स्पष्ट दिसतात. दोन ते अडीच सेंटीमीटर जाडीचा, दाबल्यावर निम्म्यावर थांबणारा आणि सोडल्यावर लगेच वर येणारा पॅड मला बरा वाटतो.

फोम असेल तर तोंडाशी धरून फुंकर मारा. हवा आरपार गेली तर भोकं एकमेकांना जोडलेली आहेत, म्हणजे तो शोषणारा फोम. हवा अडली तर बंद भोकांचा, तो द्रव वरच ठेवतो. पहिला क्लीनरला, दुसरा सीलंटला. दुकानदार विचित्र बघतो, बघू दे. फोमच्या रंगावर जाऊ नका. एका कंपनीचा पिवळा म्हणजे मऊ आणि दुसऱ्या कंपनीचा पिवळा म्हणजे कडक असू शकतो, सगळ्यांना सारखा असा काही नियम नाही.

जीएसएमचा आकडा पॅडवर लिहिलेला असला तरी मी त्याला फार किंमत देत नाही. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन, एवढंच. टॉवेलने पुसायचं असेल तर वजनाला अर्थ आहे; पॅडवर लूप किती आखूड आणि किती दाट आहेत ते बघा.

आकार गोल, १० ते १२ सेंटीमीटर. चौकोनी पॅडचे कोपरे बॉनेटवर काही बिघडवत नाहीत, पण बॅजभोवती आणि दाराच्या हँडलमागच्या वाटीत ते अडखळतात. त्या वाटीसाठी, आरशांसाठी आणि खिडक्यांमधल्या खांबांसाठी सात-आठ सेंटीमीटरचा एक छोटा पॅड जवळ ठेवा. मागे बोटं घालायला खिसा किंवा पट्टा असलेला पॅड मला सोयीचा पडतो, माझा हात लहान आहे आणि चकत्या निसटतात. प्लास्टिकच्या मुठीचा पॅड दाब सारखा देतो हे खरं, पण मुठीची कड पॅडच्या बाहेर येत असेल तर घेऊ नका. बंपरच्या खाचेत ती हमखास आपटते.

गाडीवर लावण्याआधीची चाचणी

पॅड नवा असला तरी एकदा साध्या पाण्यात पातळ लिक्विड डिटर्जंट घालून धुवा, वाळवा, झटका. मग जुनी निकामी सीडी शोधा. तिच्या चमकत्या बाजूवर कोरडा पॅड हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवा आणि उजेडात तिरकी धरा. सीडीचं प्लास्टिक गाडीच्या रंगापेक्षा मऊ असतं, त्यामुळे तिथे एखादी पुसट रेष आली म्हणून घाबरू नका. पण ठळक ओरखडे आले तर तो पॅड गाडीला लावायचा नाही. दोन पॅडची तुलना करायला तर सीडीसारखं काही नाही, अर्धी बाजू याला, अर्धी त्याला.

त्यानंतर गाडीवर, मागच्या दाराच्या खालच्या भागात, वीतभर जागेत. गाडी धुतलेली हवी, आणि हाताला खडबडीत लागत असेल तर क्ले केलेली हवी, म्हणजे मळ ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी फिरवलेली. क्लीनर लावा, पुसा, संध्याकाळी मोबाईलचा टॉर्च तिरका मारून बघा. डाग गेला आणि नवी रेष आली नाही, तर जोडी जमली. डाग गेला पण धूसरपणा आला, तर आधी पॅड बदला. बाटली बदलायला लोक फार घाई करतात, पॅड स्वस्त असतो. डागही गेला नाही आणि रेषाही नाहीत, तर फोमवरून आखूड लूपच्या मायक्रोफायबरवर जा. त्यानेही गेला नाही तर तो डाग हाताचा नाही. पक्ष्याच्या विष्ठेने किंवा क्षाराने रंगात खड्डाच पाडला असेल तर तिथे मशीन आणि जाणता माणूस लागतो.

क्लीनरला पॅड आधी थोडा ओलसर करून घ्यायचा. पाण्याने नाही, क्लीनरच्याच चार थेंबांनी, सगळ्या तोंडावर बोटाने पसरून. कोरड्या पॅडची कोरडी जागा रंगावर ओढली जाते. मग एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोन. हात पुढे-मागे सरळ, गाडीच्या लांबीच्या दिशेने, मग त्यावरून आडवा. गोल गोल फिरवलेल्या रेषा प्रत्येक कोनातून दिसतात, सरळ रेष एखाद्याच कोनातून. दाब तळहाताने. तो चौकोन वाळायच्या आत मायक्रोफायबरच्या टॉवेलने पुसून घ्या, टॉवेल बिनशिवणीच्या कडेचा असला तर उत्तम.

पॅड उलटून बघत राहा. छोट्या गाडीला क्लीनरचे तीन पॅड तरी लागतात. एकच पॅड शेवटपर्यंत चालवला तर छतावरची राख तुम्ही दारांना घासत असता. मी छत आणि बॉनेट एका पॅडने करते, दारांचा वरचा भाग दुसऱ्याने, आणि चाकांच्या पातळीचं सगळं तिसऱ्याने, शेवटी. हातातून पॅड जमिनीवर पडला की तो त्या दिवसापुरता बाद. झटकून पुन्हा घेऊ नका. सोलापूरच्या अंगणात काय असतं ते सोलापूरकरांना सांगायला नको.

सीलंटचा पॅड

इथे मी थोडक्यात सांगेन, कारण निवड सोपी आहे. बारीक, दाट, बंद भोकांचा मऊ फोम घ्या, एकच पुरतो. अख्ख्या हॅचबॅकला २० ते ३० मिली सीलंट खूप झालं. त्याहून जास्त लागत असेल तर एक तर पॅड पितोय किंवा तुम्ही जाड लावताय. जाड थर जास्त टिकत नाही, फक्त पुसताना खांदा दुखतो. लावल्यावर पॅनेलवर पुसटशी धुकट छटा दिसावी, पांढरा लेप दिसू नये. पॅडचं वजन आणि हाताचं वजन एवढाच दाब द्या.

बाटलीतलं सीलंट पाण्यासारखं पातळ असेल किंवा फवाऱ्याचं असेल, तर बंद फोमवरून ते ओघळतं. तिथे अपवाद म्हणून आखूड लूपचा मायक्रोफायबर पॅड चालतो. डबीतल्या घट्ट पेस्टला डबीच्या तोंडात मावणारी फोमची चकती हवी, नाहीतर कडेने पेस्ट गोळा होऊन गुठळ्या लागतात. सिरॅमिक कोटिंगचं काम या लेखातलं नाही. त्याला गुळगुळीत सुएडचं कापड गुंडाळलेला ठोकळा लागतो आणि ते कापड लवकर कडक होतं, म्हणून टाकून द्यायचं असतं.

क्लीनर आणि सीलंट एकातच असलेली बाटली घेतली असेल तर मध्यम फोम घ्या. दोन्ही कामं थोडी थोडी होतील.

काळ्या प्लास्टिकला आणि रबराला सीलंट लागलं की पांढुरके डाग राहतात. तिथे मास्किंग टेप लावा, आणि टेपच्या कडेला छोटा पॅड वापरा. मोठा पॅड घेऊन नेम धरायची हौस करू नका.

पुसायची वेळ लेबलवर दिलेली असते, पण हवेप्रमाणे ती पुढे-मागे होते. बोटाने एक रेष ओढून बघा. खालून स्वच्छ रंग निघाला तर पुसा, चिकट ओघळ उठला तर थांबा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. तेव्हा पत्रा सावलीतही इतका तापलेला असतो की काहीही लावा, ते लागताक्षणी वाळून पॅड अडकायला लागतो. हाताची पालथी बाजू पत्र्यावर आरामात टेकवता आली पाहिजे. मला डिसेंबर-जानेवारी आवडतो, गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास. दसऱ्याला गाडीची पूजा करणार असाल तर सीलंट दोन दिवस आधी लावून ठेवा, आणि कुंकवाचं स्वस्तिक काचेवर काढा. ओलं कुंकू ताज्या सीलंटवर नको, आणि बॉनेटवरचा हार दिवसभर उन्हात ठेवू नका.

पॅड धुणं आणि बाद करणं

काम संपल्यावर लगेच धुवा. वाळलेलं सीलंट फोममधून पुरतं निघत नाही. कोमट पाणी, पातळ डिटर्जंट, हाताने पिळून. फॅब्रिक कंडिशनर घालू नका, तो तंतूवर चिकट थर सोडतो. ब्लीचही नको. मायक्रोफायबर सावलीत वाळवा, फोमला तर ऊन अजिबात दाखवू नका, तो पिवळा पडून ठिसूळ होतो. वाळल्यावर झिपच्या पिशवीत, क्लीनरचे वेगळे, सीलंटचा वेगळा. पॅडच्या कडेवर मार्करने क्ली किंवा सी लिहून ठेवा. धुतल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आणि घरातल्या दुसऱ्या कुणी हात घातला की अदलाबदल झालीच म्हणून समजा.

लूप कडक होऊन गोळे धरायला लागले, फोमच्या कडेचे तुकडे सुटायला लागले, किंवा दाबल्यावर पॅड वर यायला वेळ लावायला लागला, की त्याला रंगावरून काढा. पुढे तो चाकांच्या रिमना, मग टायरना, आणि शेवटी स्कूटरच्या चेनकव्हरला. त्यापुढे कचऱ्यात.